पाठ मोजायला घड्याळ काहून लागतं?

मी मेलबर्नहून हिंगोली जिल्ह्यात गेले ती सेवा करायला, असं आमच्या कॉलेजच्या कागदावर लिहिलं होतं. मी एकोणीस वर्षं मेलबर्नला राहते, फिजिओथेरपी शिकवते, आणि कागदावर 'सेवा' हा शब्द दिसला की आधी कागद उलटून मागे काय लिहिलंय ते बघते. मागे होतं : बारा दिवस, सहा विद्यार्थी, 'सेवेतून शिक्षण', आणि परतल्यावर प्रत्येकाच्या प्रमाणपत्रावर नेतृत्वगुणांची एक वेगळी ओळ. म्हणजे बारा दिवसांत सेवा उरकणार, शिक्षण होणार, वर सहा पुढारीही तयार होणार. मला तेव्हाच ते खरं वाटलं नव्हतं.

मला बरोबर घेतलं ते फक्त मराठी येतं म्हणून. मी चिपळूणजवळची. मराठवाडा मी कधी पाहिला नव्हता, पण हे कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र. काम असं होतं : हळदीच्या काढणीत दिवसभर वाकून बसणाऱ्या बायकांच्या पाठीचा, खांद्यांचा अभ्यास करायचा आणि त्यांना त्रास कमी होईल असं काही सुचवायचं.

कळमनुरी

नांदेडला उतरून आम्ही कळमनुरीत मुक्काम टाकला. दिवस मार्चचे. सकाळी आठलाच ऊन असं की माझ्या कोकणातल्या डोळ्यांना काय बघावं कळेना. आमच्याकडे नजर जाईल तिथे झाड आडवं येतं. इथे नजर अडवायला काहीच नाही. काळी रानं, मधूनच पिवळट हळदीचे वाफे, लांबवर एखादं बाभळीचं झाड, आणि पुन्हा रान.

गाडी अन्वरभाईंची. पन्नाशीचा माणूस, कळमनुरीतच तीन पिढ्यांचं बिऱ्हाड. पहिल्या दिवशी मुलं मागे बसली आणि मी पुढे. गाव मागे पडल्यावर त्यांनी आरशात मुलांकडे एकदा पाहिलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, बुरा मानू नका. तुमी सर्वेवाले तं न्हाई ना?"

"कसला सर्वे?"

"कसला बी. दोन साल झाले, एक गाडी आली होती. लोकायचं रगत घेऊन गेले. म्हनले, रिपोर्ट येईल." त्यांनी गिअर टाकला. "अजून येऊनच राहिला."

मी हसले, पण ते हसले नाहीत.

मुलांनी आपली पुढारी म्हणून हॅनाला निवडलं होतं. एकवीस वर्षांची, उंच, नाकावर ठिपके, सगळ्यांशी सारखीच गोड. इतकं गोड वागणाऱ्या माणसाचा मला आपोआप संशय येतो. तिच्या हातात कायम एक निळी वही असायची आणि काहीही झालं की ती त्यात टिपून ठेवायची. मला 'सुनीता' म्हणून हाक मारायची. तिकडची तीच रीत. लॉजवर चहा घेऊन येणारी बाई ते ऐकून थबकली आणि मला म्हणाली, "मास्तरणीला नावानं? आन तुमी काई म्हनत न्हाई?" एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मलाही ते जरा खटकलं.

कुरुंद्याच्या वाटेवरचं गाव

कुरुंद्याकडे जाताना वाटेत एक गाव लागतं. तिथे एका संस्थेने आमची गाठ माणिकरावांशी घालून दिली होती. साठीचे, पांढरा पायजमा, आवाज मोठा. हळदीची बरीच एकरं त्यांची, शिजवायचा कुकर त्यांचा, पॉलिशचा ड्रमही त्यांचाच. आजूबाजूच्या वस्तीतल्या बाया काढणीला त्यांच्याच रानात येतात.

लिंबाखाली खुर्च्या मांडलेल्या होत्या. चहा झाला, सरबत झालं, आणि अकरालाच जेवणाची ताटं आली : ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, कांदा, ठेचा. एका मुलाने ठेचा पुदिन्याची चटणी समजून चमचाभर तोंडात टाकला. त्याचा चेहरा बघून माणिकराव स्वतः आत धावले आणि गुळाचा खडा घेऊन आले. "बराबर चाव, लेकरा," म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. माणूस प्रेमळ होता, हे मी आजही नाकारत नाही. पण आमच्याकडे पाहुण्याला पहिल्याच भेटीत एवढं जेवू घालायचं तर त्याच्याशी काहीतरी नातं असावं लागतं. मी भाकरी मोडत विचार करत होते, की यांना आमच्याकडून काय हवंय?

त्यांनी ते सांगितलंही. हात पुसत म्हणाले, "आमच्या बायायचं भलं व्हत असंल तर आमचं काय जातंय? फकस्त काय सापडलं ते आमाला बी दावा."

"दाखवू की," मी म्हणाले.

हॅनाने विचारलं, "काय म्हणतात?" मी म्हटलं, "स्वागत करतायत."

रानात अकरा जणी होत्या. ट्रॅक्टरने हळद उपटून ठेवलेली. बाया वाकून ती गोळा करतात, ढेकळं झटकतात, गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करतात आणि टोपल्यात टाकतात. टोपलं भरलं की उचलून ढिगावर ओतायचं, परत वाकायचं. ओल्या हळदीला मातीचा आणि कापराचा मिळून एक वास येतो. सगळ्यांची बोटं पिवळी, नखं तपकिरी.

सगळ्यात वयस्कर होती कौसाबाई, पंचावन्नच्या आसपासची. ती म्हणाली, "जयभीम, मॅडम." सवयीने माझ्या तोंडून "नमस्कार" गेला. तिने मान हलवली आणि पुन्हा कामाला लागली. चूक माझ्या लक्षात आली तेव्हा बोलायची वेळ निघून गेली होती.

मुलं कामाला लागली. कोण एका तासात किती वेळा वाकतं, टोपलं भरायला किती मिनिटं लागतात, उचलताना कंबर किती वळते, असं सगळं. हॅना घड्याळ धरून उभी आणि दुसरी एक मुलगी लिहून घेत होती. कोणाची पाठ कोणती हे कळावं म्हणून तक्त्यात प्रत्येकीचं नाव घालायचं मीच सुचवलं, आणि नावं मराठी असल्यामुळे ती लिहिलीही मीच.

बाया अगदी गप्प झाल्या. रानात काम करणाऱ्या बाया इतक्या गप्प बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईने मान वर न करता विचारलं, "ती पोरगी काय लिहून राहिली?"

"तुमच्या पाठीला किती ताण पडतो, ते."

"पाठ मोजायला घड्याळ काहून लागतं?"

मी ओझं, वेग, स्नायूंचा थकवा असं काहीतरी समजावलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग हातातला गड्डा मोडत म्हणाली, "व्हय का."

तिसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली. हॅना शेजारी होती. कौसाबाई भरभर, खालच्या आवाजात म्हणाली, "घरी गेल्यावर पानी, सैपाक, मंग पाठ टेकते. दुखतं म्हनलं तर उद्या कोन बोलावतंय? माजा हा उजवा खांदा दोन साल झाले वर जात न्हाई. डाव्यानंच उचलून राहिले. हे तिला सांगू नका."

हॅनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "थोडं दुखतं, पण सवय झाली आहे म्हणते."

हॅनाने वहीत लिहिलं. त्या दिवशी परत निघताना ती फोन हळूच पिशवीत सरकवताना मला दिसली, आणि त्याच्या पडद्यावर रेकॉर्डिंग चालू असल्याचा लाल ठिपका होता.

सिद्धेश्वर

सहाव्या दिवशी सुट्टी. अन्वरभाईंनी आम्हाला सिद्धेश्वर धरणावर नेलं. पूर्णेचं पाणी पसरलेलं, काठाला मासेमारीच्या होड्या उलट्या घालून ठेवलेल्या. एका घरी त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं. रोहू तळून आणि रश्शात, दोन्ही तऱ्हेने मिळाला. समुद्राचे मासे खाल्लेल्या माणसाने गोड्या पाण्याच्या माशाला नाक मुरडायचं असतं, तसं मी मुरडलं आणि मग तीन तुकडे खाल्ले.

जेवण झाल्यावर बाकीची मुलं पाण्यापाशी गेली. मी हॅनाला म्हटलं, "कौसाबाईला न विचारता तू तिचं बोलणं रेकॉर्ड केलंस. कुठे टाकणार आहेस?" मला खात्रीच होती. तिकडे गेल्यावर आपल्या सेवेची चित्रफीत, पिवळे हात, सुरकुतलेला चेहरा, खाली गाणं.

ती लाल झाली. पण मान खाली घातली नाही. म्हणाली, "कुठेही नाही. ती एवढं बोलली आणि तू मला एक वाक्य सांगितलंस. रोज असंच होतं. मला वाटलं, दुसऱ्या कोणाकडून तरी समजून घ्यावं. मग पाठवायला धीर झाला नाही."

मी चिडले. माझ्यावर पाळत? मग मी काय काय गाळलं ते आठवायला लागले, आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. 'स्वागत करतायत' आठवलं. 'सवय झाली आहे' आठवलं. बायांचे टोमणे, शिव्या, कुरकुर, सगळं मी धुऊन, इस्त्री करून पुढे दिलं होतं.

"तिनेच सांगितलं होतं, हे सांगू नका म्हणून," मी म्हटलं.

"मग तेवढंच सांगायचंस. 'एक गोष्ट आहे, पण ती तुला सांगायची नाही म्हणते.' मी विचारलं नसतं. पण तिला सवय झाली आहे असं मी लिहून बसले नसते."

तिने फोन काढला आणि माझ्यासमोर ते रेकॉर्डिंग पुसलं.  तिच्याबद्दलचा माझा संशय चुकीचा ठरला होता. तिचा माझ्याबद्दलचा मात्र खरा होता.

पुन्हा रानात

आठव्या दिवशी माणिकरावांनी मला बाजूला बोलावलं.

"मॅडम, ते कागद."

"कोणते?"

"कोन बाई किती टायमात टोपलं भरती, ते. पुढच्या सालाला बाया बोलवायला सोपं जाईल. मजूर मिळना, मिळाले तर हळू चालना. आमाला बी तकलीफ हाय." मग हसून म्हणाले, "तुमीच म्हनल्या व्हत्या ना, दावू की."

तक्ता माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. अकरा नावं, माझ्याच अक्षरात. सगळ्यात जास्त मिनिटं कौसाबाईच्या नावापुढे.

'नाही' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. "उद्या बघू," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

परतताना हॅनाला सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाचा माझा 'दाखवू की' धरून, काही न गाळता. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. इंग्रजी कळत नसलं तरी अन्वरभाईंना सूर कळला. "काई बिघडलं का मॅडम?" मी त्यांनाही सांगितलं.  ते म्हणाले, "मानिकराव खराब आदमी न्हाई. हंगामात त्याची बी झोप उडती. पन कौसाबाईला इचारल्याबिगर कागद देऊ नका. तिचं घर तिच्यावरच हाय."

संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर मुलांची बैठक बसली. एक जण म्हणाला, नावं खोडू आणि विषय संपवू. दुसरी म्हणाली, कागद फाडले तर अहवालात राहणार काय? आठ दिवसांचं काम जाईल. तिला रडू आलं, आणि ते खोटं नव्हतं. तिने उन्हात उभं राहून दोनदा उलटी केली होती. हॅनाने सगळ्यांचं ऐकलं. मग म्हणाली, "आपण ठरवायचं नाही. त्यांना सांगायचं, आणि त्या म्हणतील ते करायचं. त्या फाडा म्हणाल्या तर मी फाडीन. अहवालात काही नसेल तर तसं मी लिहीन."  त्या वेळी ती गोड अजिबात दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला बाया बाभळीच्या सावलीत बसल्या. मी उभी राहिले आणि आधी "जयभीम" म्हटलं. मग सांगितलं : हे कागद काय आहेत, त्यात नावं कोणी घातली, मी कोणाला काय कबूल करून बसले, आणि आता ते काय मागतायत. मराठीत एक वाक्य, मग तेच हॅनासाठी इंग्रजीत. मधे काही सोडलं नाही.

 कौसाबाईची सून कविता, त्या अकरांतलीच आणि बारावी झालेली, हात पुढे करून म्हणाली, "द्या इकडं." तिने तक्ता मोठ्याने वाचला. सगळ्यात पुढे जिचं नाव होतं तिला बाकीच्यांनी कोपरखळ्या मारल्या. "बघ गं, हिला घरी जायाची लई घाई!" त्या नऊ दिवसांत बाया आमच्यासमोर पहिल्यांदा हसल्या. मग कविता वाचता वाचता थांबली.

"वाच की," कौसाबाई म्हणाली.

कविताने वाचलं.

"समद्यात मागं मी," कौसाबाई म्हणाली. मग ती हॅनाकडे वळली, उजवा हात उचलायला लागली आणि खांद्याच्या खालीच थांबली. तो तिथेच थरथरत धरून म्हणाली, "हे बघ. ह्याच्यानं." मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर हॅनाने नको म्हणून मान हलवली. तिला ते कळलं होतं.

"जाळा ते कागद," एक जण म्हणाली.

"जाळता कशाला?" दुसरी म्हणाली. "पाठ दुखती हे खरंच लिवलंय ना? ते ऱ्हाऊ द्या. आमची नावं काढा."

कौसाबाईने विळा घेतला. कागद मांडीवर धरून नावांची पट्टी वरपासून खालपर्यंत सरळ कापून काढली, घडी केली आणि कनवटीला लावली. उरलेले कागद हॅनाला दिले.

माणिकरावांकडे आम्ही दोघीच गेलो. हॅना म्हणाली, "कागद असे आहेत. यात नावं नाहीत. ती मी कापली. हा माझा निर्णय आहे, बायांना यातलं काही माहीत नाही."

सगळं तंतोतंत सांगायचं मी आदल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि समोर आलं ते धडधडीत खोटं. मी क्षणभर अडखळले. मग तेही शब्दाला शब्द सांगितलं.

माणिकरावांनी कागद हातातही घेतला नाही. "नावं गेली तरी डोळे हायेत मला, मॅडम," ते म्हणाले. "पोटभर जेवू घातलं तुमाला." त्यानंतर लिंबाखाली खुर्च्या मांडल्या नाहीत. चहा आला नाही. उरलेले दोन दिवस आम्ही बायांबरोबर बाभळीखाली बसून, त्यांनी फडक्यातून काढून दिलेली भाकरी खाल्ली. माणिकरावांचं ते वाक्य मला अजून टोचतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं.

आम्ही मागे काय ठेवलं? खांद्याचे चार साधे व्यायाम आणि हळदीचा वाळका पाला पोत्यात भरून केलेली बुटकी बैठक. बैठक तिघींनी वापरली. बाकीच्या म्हणाल्या, उठबस वाढते.

परत आल्यावर

हॅनाचा अहवाल नऊ पानांचा झाला, बाकीच्या गटांचे चाळीस-चाळीस पानांचे. त्यातली दोन पानं आमच्या चुकीबद्दल होती. कॉलेजला ती आवडली नाहीत; तिने ती काढली नाहीत.

पुढच्या हंगामात मी कविताच्या फोनवर फोन लावला. माणिकरावांनी बाया बोलावल्या होत्या, कौसाबाईला सोडून. अकरातल्या चार जणी तिच्याशिवाय जायला तयार झाल्या नाहीत. त्या पाच जणी आता कुरुंद्याच्या बाजूला दुसऱ्याच्या रानात जातात. वाट लांबची, पहाटे निघावं लागतं. बाकीच्या माणिकरावांकडेच गेल्या, आणि त्यांचं चुकलं असं कविता म्हणाली नाही. मीही म्हणणार नाही. माझ्या एका सहज 'दाखवू की'मुळे पाच बायांची रोजची वाट वाढली, एवढं मला माहीत आहे.

मग कौसाबाईने फोन घेतला. "आता काहून फोन केला? अजून काई लिव्हायचं ऱ्हायलं का?"

मी म्हटलं, "हो. हे सगळं लिहिलंय. छापायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवायचंय. नाव दुसरं घातलंय."

"वाचा," ती म्हणाली. "समदं वाचा."

मी पहिल्यापासून वाचलं. ती मधे एकदाही बोलली नाही; दोनदा मला वाटलं फोन कटला. शेवटी म्हणाली, "नावं कापली तवा मी हसले, असं लिवलंय तुमी."

"हो."

"मी हसले न्हाई."

मला ती हसलेली आठवत होती. अगदी स्पष्ट आठवत होती. मी ते वाक्य काढलं आणि तो भाग तिला पुन्हा वाचून दाखवला.

"आता बराबर," ती म्हणाली, आणि फोन कविताकडे दिला.